खाली दोनशे तीस, वर अठरा

टेस्टर काका कुणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी मीटर बघायचे, आणि मीटर बघून झाला की भांडायला सुरुवात करायचे. लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी मांडववाल्याला गाठून "ही वायर उघडी का ठेवली रे?" म्हणून झापायचे. माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी जनरेटरवाल्याचं बखोट धरलं होतं आणि मुलाकडची मंडळी जिलबीचे तुकडे हातात धरून बघत राहिली होती. शर्टाच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथे त्यांचा टेस्टर असायचा. म्हणून ते टेस्टर काका. खरं नाव पुरुषोत्तम दिघे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःही चटकन वळत नसत.

त्यांच्याविषयी लिहिते आहे हे कळल्यावर एकजण म्हणाले, "जरा गोड लिहा, माणूस गेलाय आता." गोड लिहायला मला जमणार नाही. काका आयुष्यभर चिडले होते, आणि ज्या गोष्टींवर ते चिडले त्यातली एकही अजून सुधारलेली नाही. त्यातल्या एका गोष्टीवर तर माझी सही आहे.

काका इंदूरच्या एका कापड मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. वडील मिलच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे जन्मापासून मिलचा भोंगा ऐकतच वाढलेले. मिल बंद झाली त्या दिवसाची हकीकत मी त्यांच्याकडून नाही, त्यांच्या बायकोकडून, काकूंकडून ऐकली. सकाळी गेटवर नोटीस लागली, कुलूप लागलं. बाहेर शेकडो माणसं. कुणी रडतंय, कुणी घोषणा देतंय, कुणी युनियनच्या पुढाऱ्याला शोधतंय. आणि काका गेटच्या गजांना धरून ओरडत होते, "मेन बंद करू द्या मला! आत सगळ्या शेडमध्ये करंट चालू आहे!" चौकीदार म्हणाला, "दिघेजी, नौकरी गई आपकी, अब मेन से क्या लेना-देना?" काका म्हणाले, "नौकरी गेली ना, करंट कुठे गेला? उद्या इथे लोकं तांब्याच्या तारा चोरायला येतील. ती मरतील." दोन दिवस ते गेटवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मॅनेजर कंटाळला आणि त्यांना पंधरा मिनिटांसाठी आत सोडलं. काका आत गेले, एकेका शेडचा स्विच पाडला, फ्यूज काढून रांगेत मांडून ठेवले, आणि बाहेर आले. काकू सांगायच्या, "घरी आले आणि जेवले. तीन दिवसांनी जेवले."

मला ते भेटले त्यानंतर काही वर्षांनी. मी नुकती इंजिनिअर झाले होते आणि एका नव्या कंपनीत लागले होते. आमचं काम असं, की गावभर तारा न ओढता एका छतावरून दुसऱ्या छतावर हवेतून इंटरनेट पोचवायचं. छतावर लोखंडी पाइप उभा करायचा, त्याला जाळीचा अँटेना आणि एक रेडिओ लावायचा, समोरच्या छताकडे तोंड करून नेम धरायचा. शहरात तेव्हा रोज काहीतरी नवीन उघडत होतं. कोचिंग क्लास, कॉल सेंटर, शेअर दलालांची ऑफिसं. सगळ्यांना इंटरनेट हवं होतं आणि कालच हवं होतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे जुन्या राजेमंडळींच्या समाध्यांपासून, हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालकांना आम्ही 'सर' म्हणायचो. ते टाय लावायचे आणि 'स्पीड' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरायचे. छतावरच्या कामांना स्वस्तातला वायरमन हवा म्हणून त्यांनी काकांना ठेवलं. स्वस्तातला मिळाला, पण गप्प बसणारा मिळाला नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी हजेरी घेतली. तोवर आमच्याकडे पद्धत अशी होती की घरातून एक्स्टेंशन बोर्ड छतावर न्यायचा, रेडिओचा अॅडॉप्टर त्याला लावायचा, आणि पाऊस लागू नये म्हणून तो सगळा संसार एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून चिकटपट्टी गुंडाळायची. त्या दिवशीचा डबा श्रीखंडाचा होता. काकांनी आधी खाली जाऊन स्विच बंद केला, मग वर येऊन डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. आत दोन बोटं पाणी होतं.

"हे काय आहे?"

"अॅडॉप्टर."

"हे मरण आहे. इंजिनिअर आहेस ना तू? उद्या या घरची बाई कपडे वाळत घालायला ओल्या पायाने वर येईल. काय करून राहिली तू, शिकून राहिली की माणसं मारून राहिली?"

मला राग आला. मी म्हटलं, मग वर रेडिओ चालणार कसा? ते म्हणाले, ते तू सांग, तू शिकलेली आहेस. मी सांगितलं, नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, त्यातल्या चार रिकाम्याच असतात, त्यांच्यातून रेडिओला लागणारे अठरा व्होल्ट वर पाठवता येतात. काकांनी विचारलं, "म्हणजे अॅडॉप्टर खाली घरात ठेवायचा, दोनशे तीस व्होल्ट तिथेच राहणार आणि वर फक्त हे अठरा व्होल्ट जाणार?" मी म्हटलं, हो. "आणि तुला हे माहीत होतं?" मी पुन्हा म्हटलं, हो. त्यानंतर त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरमालकीण बिचारी चहाचा ट्रे घेऊन जिन्यातूनच परत गेली.

त्या दिवसापासून 'खाली दोनशे तीस, वर अठरा' हा आमच्या टोळीचा नियम झाला. मिलमधला माणूस, इंटरनेट म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण वीज कळत होती. केबल लांब असली की वरच्या टोकाला व्होल्टेज कमी पडतं, हे मी हिशेब करून सांगेपर्यंत ते मीटर लावून मोकळे झालेले असत. केबलची चार टोकं उलटी लागली तर रेडिओ जळतो, म्हणून ते प्रत्येक टोक स्वतः तपासत. मी तपासलेलंसुद्धा. "तुझ्यावर भरोसा आहे, पण तारेवर नाही," असं म्हणत.

अर्थिंगवरून त्यांनी जितकी भांडणं केली तितकी माणसं सख्ख्या भावाशी जमिनीवरून करत नसतील. उंच पाइप उभा केला म्हणजे आभाळातल्या विजेला बोलावणं धाडलं, असं त्यांचं म्हणणं. "बोलावलं ना? मग तिला जायची वाटही करून दे. नाहीतर ती तुझ्या कॉम्प्युटरमधून जाईल, तिथून तुझ्यातून जाईल." इतर कंपन्या अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला गुंडाळून मोकळ्या होत. काका अंगणात खड्डा खणायला लावत, कोळसा आणि मीठ भरत, पट्टी गाडत, आणि घरच्यांना दम देत, "उन्हाळ्यात यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. तुळशीला घालता ना? तसं." एका दलालाने अंगणातली फरशी उखडायला नकार दिला तेव्हा काकांनी उभा केलेला पाइप उतरवून घेतला आणि खांद्यावर टाकून चालते झाले. सरांनी मला फोनवर पाऊण तास झापलं. मी काकांवर चिडले. काका म्हणाले, "तू खुर्चीवर बस. छतावर येऊ नको."

हे सगळं मी आज कौतुकाने सांगते आहे, पण तेव्हा मला ते जड जात होतं. आभाळ भरून आलं की ते माणसं खाली उतरवत. ग्राहक ओरडायचा, सर ओरडायचे, आणि मधे मी. मला वाटायचं, हा म्हातारा मिलमधल्या दोन-चार अपघातांचं भूत डोक्यावर घेऊन फिरतो आहे. मी चोविशीत होते, माझ्या कार्डावर 'इंजिनिअर' छापलेलं होतं, आणि एक वायरमन मला चारचौघांत "गधडे" म्हणत होता.

मग सांवेर रोडचं काम आलं.

तिथल्या एका कारखान्याच्या छतावर वीस फुटी पाइप लावायचा होता. पाहणीला काका आणि मी गेलो. छताच्या कठड्याला समांतर विजेची लाइन जात होती, अकरा हजार व्होल्टची, कठड्यापासून बारा-एक फुटांवर. काकांनी तिच्याकडे बघितलं, पाइपाची उंची विचारली, आणि वहीत लिहायच्या आधीच खाली उतरायला लागले. जिन्यात मला म्हणाले, "वीस फुटी पाइप आणि बारा फुटांवर तार. उभा करताना जरा हात सुटला की पाइप सरळ तारेवर. उभा राहिला तरी वादळात पडेल तेव्हा तिच्यावरच पडेल. इथे नाही." पाहणीच्या फॉर्मवर त्यांनी लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथे खांब लावू नये.' खाली पर्यायही लिहिला, मागच्या भिंतीवर छोटा ब्रॅकेट, आणि मधे शेजारच्या गोदामावर आणखी एक रेडिओ. काम होत होतं. आठवडाभर जास्त लागला असता, एवढंच.

सरांनी तो फॉर्म बघितला आणि हसले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. मला त्यांनी तोवर कधी चहा पाजलेला नव्हता. "मंजिरी," ते म्हणाले, "इंजिनिअर कोण आहे? तू की तो? मिलवाल्यांची मिल का बंद पडली माहीत आहे? याच वृत्तीने. हे नको, ते नको." त्यांच्यासमोर नवा फॉर्म होता. त्यात 'विजेच्या तारेपासून अंतर' या रकान्यात 'पंचवीस फूट' असं आधीच लिहिलेलं होतं. "माणसं अनुभवी आहेत, काळजी घेतील. ही फक्त फॉर्मॅलिटी. टेक्निकल माणसाची सही लागते." त्या 'टेक्निकल' शब्दाने मी फुगले. मी सही केली. जबरदस्ती कुणी केली नाही, कुणी धमकावलं नाही. एका कप चहावर आणि एका शब्दावर मी सही केली, हे मला अजून स्वतःला सांगताना दात आवळावे लागतात.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. सरांनी ते काम परस्पर एका ठेकेदाराला दिलं.

त्या दुपारी काका आणि मी सांवेर रोडवरच, दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या एका ऑफिसात रेडिओ तपासत होतो. एकदम धाडकन आवाज झाला आणि पंखे थांबले. ऑफिसातली माणसं "गेली लाइट" म्हणून आळस देत उठली. काका मात्र जागच्या जागी उभे राहिले.

"मंजू," ते म्हणाले, "आज त्या कारखान्यावर कुणाला पाठवलंय?"

मी हातातला रेडिओ खाली ठेवला. त्यांना जे कळायचं ते कळलं, आणि ते पळत सुटले. साठीला आलेला माणूस. मी त्यांच्या मागे.

आम्ही पोचलो तेव्हा छतावर चढायला माणसांची झुंबड उडाली होती. पाइप तारेवर कलंडलेला होता. एकजण कठड्यापाशी पडला होता, हलत नव्हता. दोघे लांब फेकले गेले होते, हात भाजलेले, ओरडत होते. काकांनी त्या दोघांना ओढून जिन्यात आणलं आणि मग स्वतः दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले. कुणालाही पुढे जाऊ देईनात. कारखान्याचा फोरमन त्यांच्या अंगावर धावून गेला, "हटो! आदमी मर रहा है वहाँ!" काका ओरडले, "लाइन ट्रिप हुई है, बंद नहीं हुई! वो लोग फिर से चालू करेंगे!" लोक त्यांना कसाई म्हणाले. एकाने कॉलर धरली. ते हलले नाहीत. एका हाताने त्यांनी खिशातली डायरी काढून माझ्या अंगावर फेकली. "सबस्टेशनचा नंबर. लाव फोन. सांग बंद ठेवा."

माझा फोन लागायच्या आतच लाइन परत चालू झाली. पाइपातून निळी ठिणगी तडतडली, कठड्याचं सिमेंट उडालं, आणि पुन्हा सगळं बंद पडलं. फोरमन खालीच बसला. कॉलर धरणाऱ्याने हात सोडला. त्या दारातून पुढे गेली असती ती माणसं तेव्हा पाइपाला हात लावून उभी असती.

सबस्टेशनने लाइन बंद ठेवल्याचं सांगितलं, काकांनी ते दोनदा वदवून घेतलं, आणि मगच ते पुढे गेले. पडलेल्या माणसाजवळ बसले. नाडी बघितली, छाती दाबून बघितली, कितीतरी वेळ दाबत राहिले. मग थांबले.

"हा कैलास आहे," ते म्हणाले. "तीन नंबरच्या शेडमध्ये लूमवर होता."

कैलासने वीस वर्षं मिलमध्ये कापड विणलं होतं. धागा तुटला तर डोळे मिटून जोडायचा, असं काका नंतर सांगत. मिल गेल्यावर त्याने भाजीची गाडी लावली, टेम्पोवर हमाली केली, रंगकाम केलं, आणि शेवटी ठेकेदाराकडे रोजंदारीवर पाइप उभे करायला लागला. ज्याच्या हाताला जगातलं एक काम उत्तम येत होतं त्याच्याकडून ते काढून घेतलं आणि त्याला धोक्याची काहीही माहिती न देता अकरा हजारांच्या तारेशेजारी उभं केलं. याला लोक 'नवीन संधी' म्हणायचे. मला हा शब्द आजही सहन होत नाही.

काकांनी भाजलेल्या मजुराला विचारलं, "वरती तार दिसली नाही तुम्हाला?" तो रडत म्हणाला, "ठेकेदार ने कागज दिखाया था साब. उसमें लिखा था, लाइन दूर है." ठेकेदाराच्या माणसाने तो कागद काढून दिला. काकांनी चष्मा लावला. माझी सही वाचली. कागदाची घडी घालून तो मला दिला.

मी शिव्यांची वाट बघत होते. खरंच बघत होते, त्या मला हव्या होत्या. काका म्हणाले, "मॅडम, आपण उद्या सकाळी दहाला मिलच्या चाळीपाशी या. कैलासच्या घरी जायचं आहे." मला त्यांनी त्याआधी कधी 'आपण' म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. जुना, लाल पेन्सिलीचा फॉर्म माझ्या फायलीत होता. "तो फाडून टाक," ते म्हणाले. "वायरमनची बकवास. नवीन फॉर्ममध्ये सगळं व्यवस्थित आहे, मजुरांनीच गडबड केली." मी फोन ठेवला. ती फाइल उशाशी घेऊन झोपले, म्हणजे झोपले नाही.

सकाळी काका चाळीच्या तोंडाशी उभे होते. मला बघताच पुढे चालायला लागले. कैलासच्या घरात बायका बसल्या होत्या. त्याची बायको भिंतीला टेकून होती. काका तिला म्हणाले, "भाभी, ये मॅडम को कुछ बोलना है," आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मी सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं, सही कुणाची होती, खरं अंतर किती होतं. बायकांची कुजबुज थांबली. कैलासच्या बायकोने विचारलं,

"आप ऊपर गई थीं?"

"हाँ."

"तार दिखता है वहाँ से?"

"दिखता है."

"तो दूर काहे को लिखा?"

मी म्हटलं, "गलती हो गई."

"गलती तो नमक की होती है, बेन," ती म्हणाली. "सब्ज़ी में."

मी तिथून सरळ विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात गेले आणि दोन्ही फॉर्म दिले, जबाब लिहून दिला. काकांनीही दिला. साहेबांनी त्यांना विचारलं, "उस साइट का काम आपके पास नहीं था, फिर आपका क्या संबंध?" काका टेबलावर हात आपटून म्हणाले, "काम मेरे पास होता तो आदमी ज़िंदा होता. ये संबंध है." माझी नोकरी त्याच दिवशी गेली, त्यांची दुसऱ्या दिवशी.

यानंतर न्याय झाला असं मला लिहायला आवडलं असतं. चौकशी वर्षभर रेंगाळली. आमचे कागद जोडले गेले आणि इतर कागदांच्या खाली गेले. शेवटच्या अहवालात 'मजुराची असावधानता' हे शब्द होतेच. सरांना समज देण्यात आली. समज! त्यांनी ती कंपनी बंद करून दुसऱ्या नावाने उघडली, पुढे ती मोठी झाली, आणि आता ते कॉलेजांमध्ये जाऊन मुलांना धाडस म्हणजे काय यावर भाषणं देतात. एकदा एका कार्यक्रमात समोर आले तेव्हा त्यांनी मला ओळखलं आणि नमस्कार केला. मी केला नाही. माझ्या शिक्षेबद्दलही कुणी विचारू नये. कायद्याने मला काहीच झालं नाही, आणि याचाही मला रागच आहे.

काकांनी मात्र मला शिक्षा दिली. वर्षभर ते माझ्याशी 'मॅडम, आपण' असंच बोलले. मी घरी गेले की खुर्ची पुढे करत, काकूंना चहा ठेवायला सांगत, तब्येत विचारत. मी कुठे काम करते, कसं करते, यावर अवाक्षर नाही. मी मुद्दाम त्यांच्यापुढे काहीतरी चुकीचं बोलून बघायची. ते फक्त मान हलवायचे. माझ्याशी भांडावं इतकीही माझी किंमत त्यांच्या लेखी उरली नव्हती.

मग मला एका हॉस्पिटलच्या इमारती जोडायचं काम मिळालं. पहिला पाइप उभा राहिला तेव्हा मी त्यांना बोलावलं. ते आले, हात मागे बांधून अर्धा तास फिरले. अर्थिंग बघितलं. अॅडॉप्टर खाली आहे ना ते बघितलं. मग भिंतीतून केबल जिथे आत जात होती तिथे थांबले. केबल वरून सरळ भोकात शिरत होती. तिला आधी खाली झोल द्यायचा असतो, म्हणजे पावसाचं पाणी झोलापाशी गळून पडतं, आत जात नाही. ते मी विसरले होते.

"अगं ए शहाणे!" ते ओरडले. हॉस्पिटलचा सगळा मजला वळून बघायला लागला. "पाणी कुठून जाईल? तुझ्या डोक्यातून? केबल धरून थेट अॅडॉप्टरमध्ये जाईल ना! कितीदा सांगितलं? गधडी कुठली! काढ, काढ ती केबल!" मी केबल काढायला लागले आणि मला दिसेना, इतके डोळे भरून आले. "रडून काय राहिली? झोल दे तिला," ते म्हणाले.

त्या अपघातानंतर काकांनी कुठे नोकरी केली नाही. रोज सकाळी सातला ते परदेशीपुऱ्याच्या चौकात जाऊन उभे राहायचे. तिथे रोजंदारीचे मजूर कामाची वाट बघत बसतात. त्यातले निम्मे तेव्हा मिलमधलेच. काका एकेकाला विचारायचे, "आज कहाँ? छत पे? बोर्ड, पाइप, लोहे का सरिया? ऊपर लाइन है?" बहुतेकांना माहीत नसायचं. काका त्यांना सांगायचे, की पाइप उभा करणारा माणूस पायाकडे बघतो, म्हणून मरतो. आधी रिकाम्या हाताने वर जा, चारी बाजूंना वर बघ, आणि तार जवळ असली तर खाली ये. ठेकेदार काहीही म्हणो, कागद काहीही म्हणो. सुरुवातीला मजूर हसायचे. एका ठेकेदाराने त्यांना ढकलून दिलं, गुडघा फुटला. काकू म्हणाल्या, पुरे आता. काका म्हणाले, "मिलमध्ये मी भिंतीवर 'खतरा' पाटी लावायचो. इथे भिंत नाही, म्हणून मीच उभा राहतो." पाच-सहा वर्षं उभे राहिले. शेवटी मूत्रपिंडं गेली. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यातही वॉर्डातल्या सैल सॉकेटवरून त्यांनी वॉर्डबॉयशी भांडण काढलं. सॉकेट बदललं गेलं, आणि त्याच पलंगावर चौथ्या दिवशी ते गेले.

मागच्या हिवाळ्यात मला एका छतावर पाइप चढवायचा होता. माझी नेहमीची माणसं गावी गेली होती, म्हणून मी सकाळी त्या चौकात गेले. कोपऱ्यावर बसलेल्या तिघांना काम सांगितलं. त्यातला वयस्क माणूस उठला नाही.

"ऊपर लाइन है क्या?" त्याने विचारलं.

"नहीं है," मी म्हटलं. "मैंने खुद देखा है. मैं इंजिनिअर हूँ."

"वो ठीक है, मॅडम," तो म्हणाला, "पर आपके बोलने से नहीं चलेगा. पहले हम देखेंगे, फिर पाइप उठाएंगे. मंज़ूर हो तो बोलो."

बाकीचे दोघे माझ्याकडे बघत होते, मी चिडते की काय म्हणून. मी म्हटलं, "मंज़ूर है," आणि त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली.